चकवा : हळू चेंडूची विद्या

वऱ्हाडात ‘चकवा लागणे’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रात्री शेतावरून घरी निघालेला माणूस रोजच्याच पांदणीत फिरत राहतो. बांध तेच, बाभळी त्याच, पण गाव काही येत नाही. अनोळखी रानात माणूस सावध चालतो. चकवा लागतो तो ओळखीच्या वाटेवर. वेगवान गोलंदाज मध्येच जो हळू चेंडू टाकतो, त्याला मराठीत अजून स्वतःचे नाव मिळालेले नाही. समालोचक ‘स्लोअर वन’ म्हणतात, मैदानावरची पोरे ‘स्लो’ म्हणून मोकळी होतात. या लेखापुरते मी त्याला चकवा म्हणणार आहे, कारण त्याचे सगळे मर्म त्या शब्दात आहे.

अकोला-वाशीम रस्त्यावर पातूर हे तालुक्याचे गाव. बाहेरच्यांना ते लेण्यांमुळे माहीत असते. सोयाबीन निघाले, कपाशीची पहिली वेचणी झाली, की पातूरला काय आणि आसपासच्या खेड्यांत काय, टेनिस बॉलच्या सामन्यांचे फलक लागतात. पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस, मालिकावीर, आणि खाली देणगीदारांचे फोटो. या सामन्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. दहा-बारा पावले पळत येणारा पोरगा पहिल्या षटकात जीव तोडून टाकतो, तिसऱ्या चेंडूला षटकार खातो आणि मग घाबरून हळू टाकू लागतो. त्याचे पळणे मंदावते, खांदा पडतो, हात लोळतो. कडेला बसलेला कुणीतरी ओरडतो, “हा त स्लो टाकून राह्यला बे!” फलंदाजालाही ते ऐकू येते. खरे तर त्याला ऐकण्याची गरजच नसते. गोलंदाजाच्या शरीराने ते चार पावले आधीच सांगून टाकलेले असते. पुढचा चेंडू कपाशीत.

या पोराचे चुकते कुठे, ते समजून घ्यायचे तर क्रिकेट थोडा वेळ बाजूला ठेवून बेसबॉलकडे जावे लागते. आपल्याकडे बेसबॉल शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीपुरता. अमेरिकेत मात्र हळू चेंडूचा विचार एकोणिसाव्या शतकापासून झालेला आहे, आणि न्यूयॉर्कच्या टिम कीफला त्याच्या जनकत्वाचा मान देतात. तिथे त्याला ‘चेंजअप’ म्हणतात. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा खात नाही, खेळपट्टीचा प्रश्न येत नाही, पिचर पळत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर एक माणूस उभा, समोर लाकडी दांडका घेतलेला दुसरा. उरतो तो फक्त हात आणि वेळ. त्यामुळे चकव्याचे तत्त्व तिथे उघडे दिसते.

पिचरच्या उंचवट्यावरील पट्टीपासून फलंदाजापुढच्या ‘प्लेट’पर्यंत अंतर १८.४४ मीटर. पिचर पाय पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणजे चेंडूला प्रत्यक्ष कापायचे अंतर पावणेसतरा मीटरच्या आसपास. हवेचा विरोध सोडून देऊन हिशेब केला, तर ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू ते ०.४१६ सेकंदात कापतो आणि १३० चा ०.४६४ सेकंदात. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण १४५ चा अंदाज बांधून दांडका फिरवणाऱ्याच्या हिशेबाने चेंडू पोचायला हवा, तेव्हा तो अजून पावणेदोन मीटर लांब असतो. शिवाय जास्त वेळ हवेत राहिल्यामुळे तो साधारण वीस सेंटिमीटर अधिक खाली उतरलेला असतो. बेसबॉलचा दांडका नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर जाड. म्हणजे फलंदाज एकाच वेळी लवकर आणि वरून जातो. दोन्हींतली एक चूक त्याला सावरता आली असती.

इथे वाचक विचारील, की डोळ्यांना हळू चेंडू हळू दिसत नाही का? दिसतो, पण उशिरा. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या इंग्रज संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला होता. असे दिसले, की फलंदाज चेंडूचा सगळा प्रवास पाहतच नाही. चेंडू सुटताना तो पाहतो, मग नजर एकदम उडी मारून चेंडूचा टप्पा जिथे पडेल असे वाटते तिथे जाऊन थांबते. ती उडी म्हणजे अंदाज. मॅक्लाउड यांनीच १९८७ मध्ये दाखवले होते, की चेंडूने ऐनवेळी दिशा बदलली तर शेवटच्या सुमारे ०.२ सेकंदात उत्तम फलंदाजालाही फटक्यात काही बदल करता येत नाही. तेव्हा निर्णय चेंडू सुटण्याच्या आसपास होतो, आणि त्या क्षणी फलंदाजाकडे पुरावा असतो तो गोलंदाजाच्या हाताचा. हात जोरात आला, म्हणजे चेंडू जोरात येणार. आजवरच्या शेकडो चेंडूंनी त्याला हेच शिकवलेले असते. हीच ती ओळखीची पांदण.

मग हात तितक्याच जोरात येऊनही चेंडू हळू कसा निघतो? सगळी करामत पकडीत आहे. वेगवान चेंडू बोटांच्या टोकांवर धरतात, दोन बोटे वर, अंगठा खाली, चेंडू आणि तळवा यांच्यामध्ये फट. खांदा, कोपर, मनगट यांचा जोर शेवटी बोटांच्या पेरांतून चेंडूला मिळतो. गोफणीचा शेवटचा झटका म्हणा. चेंजअपमध्ये चेंडू तळहातात आत सरकवतात आणि जास्त बोटे त्याच्याभोवती पसरतात. सर्वांत प्रचलित प्रकारात अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून चेंडूच्या बाजूला ठेवतात आणि भार मधल्या बोटावर व अनामिकेवर येतो. ही बोटे तुलनेने अशक्त, आणि चेंडू आत रुतलेला, त्यामुळे शेवटचा झटका त्याला लागत नाही. सोडताना तळवा बाहेरच्या अंगाला वळतो, अंगठा खाली येतो. हात तोच, वेग तोच. चेंडू मात्र ताशी बारा-पंधरा किलोमीटरने मंद. वेग पकड कमी करते. गोलंदाजाने स्वतः काहीच कमी करायचे नसते, आणि नेमके हेच मनाला पटत नाही. ‘हळू टाकायचा आहे’ हा विचार डोक्यात असताना हात पूर्ण जोराने फिरवणे शरीराला उलटे वाटते.

ते किती अवघड आहे याचा दाखला योहान सँटानाचा. व्हेनेझुएलाचा हा डावखुरा पिचर मिनेसोटा ट्विन्स संघाकडे होता, वेग भरपूर होता, पण जम बसत नव्हता. २००२ मध्ये त्याला खालच्या पातळीवरच्या एडमंटन संघात पाठवले. तिथले प्रशिक्षक बॉबी क्वेयार यांनी एकच अट घातली : प्रत्येक फलंदाजाला किमान एक चेंजअप टाकायचा. परिस्थिती कशीही असो, फटका बसो, धाव जावो. या अटीतला शहाणपणा मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे चकवा नेटमध्ये शिकवतात आणि सामन्यात ‘वाटला तर टाक’ म्हणतात. तो कधीच वाटत नाही. धोका पत्करण्याची सवय हुकमाने लावावी लागते. सँटानाने २००४ आणि २००६ साली साय यंग पुरस्कार मिळवला आणि त्याचा चेंजअप त्या काळातला सर्वोत्तम मानला गेला.

दुसरे नाव ट्रेव्हर हॉफमनचे, आणि वेग नसलेल्यांनी ते लक्षात ठेवावे. सॅन डिएगोच्या या पिचरचा खांदा १९९४ मध्ये दुखावला आणि पूर्वीचा वेग कायमचा गेला. त्याने चेंजअपवर उरलेली कारकीर्द उभी केली. ६०१ सामने शेवटी येऊन राखून दिले आणि २०१८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. त्याचा जलद चेंडूसुद्धा पुढे पुढे इतरांच्या मानाने मंदच होता. महत्त्व दोन चेंडूंमधल्या अंतराला होते. ११५ ने टाकणाऱ्या पोराचा ९५ चा चेंडू तेच काम करू शकतो.

आता क्रिकेट. इथे गोलंदाजाला कोपर सरळ ठेवावे लागते, १५ अंशांपलीकडे ते उलगडता येत नाही, त्यामुळे सगळा उद्योग मनगट आणि बोटांवर येतो. कुणी बोट चेंडूवरून फिरवून ऑफ कटर टाकतो, कुणी हाताची मागची बाजू फलंदाजाकडे करून सोडतो, कुणी दोन बोटे फाकवून. वेस्ट इंडीजचा फ्रँकलिन स्टीफन्सन आणि त्याच्याकडून ती कला नॉटिंगहॅमशायरमध्ये उचललेला न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स यांचा चकवा इतका वरून यायचा, की फलंदाजाला तो डोक्यावर येणारा फुलटॉस वाटे. १९९९ च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडचा यष्टिरक्षक ख्रिस रीड केर्न्सचा चेंडू चुकवायला खाली वाकला. चेंडू त्याच्या वाकलेल्या देहाखालून जाऊन यष्ट्यांवर आदळला. शून्यावर त्रिफळाचीत. लोक अजून हसतात, पण रीडचा अंदाज बरोबरच होता. त्या हाताने त्या उंचीवर सोडलेला वेगवान चेंडू डोक्यावरच आला असता.

आपल्या मातीतला थोर चकवेबाज म्हणजे झहीर खान. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. सुरुवातीचा झहीर निव्वळ वेगाचा. पुढे २००६ मध्ये वूस्टरशायरकडून इंग्लंडचा पूर्ण हंगाम खेळताना त्याने धावण्याची लांबी कमी केली आणि डोक्याने गोलंदाजी करू लागला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वांत जास्त. त्याच स्पर्धेत त्याने ‘नकल बॉल’ बाहेर काढला. दोन बोटे मुडपून त्यांची पेरे, नखे चेंडूवर टेकवायची, शिवण उभी ठेवायची आणि चेंडू ढकलल्यासारखा सोडायचा. चेन्नईत वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ ८१ धावांवर जमून बसला होता. २६९ च्या पाठलागात २ बाद १५४. झहीरने त्याचा त्रिफळा उडवला आणि शेवटचे आठ गडी ३४ धावांत गेले. चार दिवसांनी अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसी तीन धावांवर तसाच त्रिफळाचीत.

नावावरून गोंधळ होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. नकल बॉल हे नाव बेसबॉलचे, पण बेसबॉलमध्ये तो चकवा नसतो. तिथे नकल बॉल टाकणारा जवळजवळ प्रत्येक चेंडू तोच टाकतो, लपवाछपवी काही नाही. फिरकी नसलेला चेंडू हवेत डुलतो आणि तो कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते, एवढाच त्याचा आधार. झहीरने घेतली त्या चेंडूची पकड आणि तिच्याकडून काम करून घेतले चेंजअपचे. यात एक जादा फायदा होता. ऑफ कटर टाकला की शिवण गरगरताना तीक्ष्ण नजरेच्या फलंदाजाला दिसते आणि तो सावध होतो. नकल बॉलची शिवण उभीच असते. हाताची साक्ष खोटी, आणि चेंडूची साक्षसुद्धा खोटी.

झहीरनंतर पालघरच्या शार्दूल ठाकूरने हा चेंडू आपलासा केला. आणि नियतीची गंमत पाहा, आयपीएलच्या इतिहासातला सर्वांत महागडा चकवा शार्दूललाच बसला. १२ मे २०१९, हैदराबाद, अंतिम सामना. चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, समोर शार्दूल, हातात चेंडू लसिथ मलिंगाच्या. मलिंगाने हळू यॉर्कर टाकला, शार्दूलची बॅट आधीच फिरून गेली, पायचीत. मुंबई एका धावेने जिंकली. शार्दूल मोठा फटका मारणार हे आपण ओळखून होतो, असे कर्णधार रोहित शर्माने नंतर सांगितले. दोघे बोरिवलीच्या दिनेश लाड सरांच्या हाताखाली घडलेले, मुंबईकडून एकत्र खेळलेले. ज्याला स्वतः चकवा टाकता येतो तोही चकतो, कारण शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना थांबून पाहण्याची चैन कुणालाच परवडत नाही.

याच रोहितचा आणखी एका चकव्यात हात होता. २८ डिसेंबर २०१८, मेलबर्न कसोटीचा तिसरा दिवस, जेवणाच्या सुट्टीआधीचा अखेरचा चेंडू. जसप्रीत बुमरा १४० च्या आसपास टाकत होता आणि शॉन मार्श तो वेग खेळून काढत होता. मिडऑफला उभ्या रोहितने सुचवले, की एकदिवसीय सामन्यात टाकतोस तसा हळू टाकून बघ. बुमराने ११५ च्या आसपासचा यॉर्कर टाकला. मार्श पायचीत. मघासारखाच ढोबळ हिशेब केला तर एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतच्या १७.७ मीटरला १४० चा चेंडू ०.४५ सेकंद घेतो आणि ११५ चा ०.५५. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे चेंडू अजून तीन मीटर लांब. रोहितचा जन्म नागपूरचा, एवढा हक्क विदर्भाने सांगायला हरकत नाही.

दोन्ही प्रसंगांत वेळ लक्षात घ्यावी. मार्श सुट्टीच्या तोंडावर फक्त बचाव करणार होता, शार्दूल फक्त मारणार होता. दोघांचे मन आधीच ठरलेले. बेसबॉलमध्येही पिचर अडचणीत असतो, पुढचा चेंडू नेमका टाकल्याशिवाय गत्यंतर नसते, तेव्हा फलंदाज खात्रीने जलद चेंडूची वाट पाहतो; चतुर पिचर तेव्हाच चेंजअप देतो. उलट काही जणांना तो कधीच देऊ नये. ज्याची बॅट जलद चेंडूला मुळातच उशिरा येते त्याला हळू चेंडू टाकणे म्हणजे उपकार. नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या फलंदाजावर हौसेने चकवा वाया घालवणारे गोलंदाज पाहिले की वाईट वाटते.

पातूरच्या पोरांसाठी मात्र हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास, क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅम. आकारात फारसा फरक नाही, वजनात पावणेतीनपट. हलक्या, लवदार चेंडूला हवा जास्त अडवते. सुटताना असलेला वेग तो झपाट्याने घालवतो. त्यामुळे टेनिस बॉलचा चकवा नेहमीच्या चकव्याहून जास्त मरतो आणि जास्त लवकर खाली येतो. आखूड टाकला तर काळ्या मातीच्या संथ खेळपट्टीवर तो फलंदाजापुढे थाळीत वाढल्यासारखा उभा राहतो. पायाशी टाकला तरच त्याला अर्थ. तळहातात रुतवण्याची पकड मऊ चेंडूला चांगली जमते, नकल बॉलला मात्र कठीण शिवणीचा चेंडू हवा.

या सगळ्यात खरे काय पणाला लागते ते सामन्याच्या बक्षिसापेक्षा मोठे आहे. खापरखेड्याच्या खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलच खेळत होता आणि पुढे भारताकडून कसोटी खेळला. अकोल्याचा आदित्य ठाकरे तर २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यातच विदर्भाकडून पदार्पण करून गेला, आणि विदर्भाने ती रणजी जिंकली. ही उदाहरणे गावोगावच्या पोरांना ठाऊक आहेत आणि त्यांतून त्यांनी एकच धडा घेतला आहे : वेग. निवडीला आलेले मास्तरही आधी वेगच बघतात. २००८ मध्ये एका अमेरिकन स्पर्धेने भारतभर पिचर शोधले, तेव्हाही कसोटीत वेगाला मोठे स्थान होते. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्यातून पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. मुख्य लीगपर्यंत मात्र कुणी पोचले नाही.

वाढत्या वयात केवळ वेगासाठी रोज शंभर चेंडू टाकणाऱ्या पोराची कंबर जाते. पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक तडा जाणे हे तरुण वेगवान गोलंदाजांचे ठरलेले दुखणे. बुमरालासुद्धा ते चुकले नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅम येथील क्रीडावैद्यक संस्थेत ग्लेन फ्लेसिग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन पिचरांवर केलेल्या मोजणीत चेंजअप टाकताना खांद्यावर आणि कोपरावर येणारा ताण जलद चेंडूपेक्षा कमी आढळला. क्रिकेटमध्ये पाठीवरचा भार प्रामुख्याने पळत येऊन पाय आदळण्याचा, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण ज्याच्याकडे चकवा आहे त्याला प्रत्येक षटकात सहाच्या सहा चेंडू जीव काढून टाकावे लागत नाहीत, हे कुणीही मान्य करील. जिथे फिजिओ नाही आणि एक्स-रेसाठी अकोल्याला जायचे, तिथे ही बचत लहान नाही.

शिकण्याची रीत साधी आहे आणि कंटाळवाणी आहे. पहिले काही आठवडे यष्ट्या नकोतच. चेंडू तळहातात आत धरून, पूर्ण पळत येऊन, पूर्ण हाताने टाकायचा. तो कुठेही जावो. सुरुवातीला तो डोक्यावरून जाईल किंवा पायाशीच आपटेल. टप्पा नंतर येतो. टप्प्यासाठी हात आवरला, की सगळे मुसळ केरात. मग पकड लपवायची. पळत येताना चेंडू दुसऱ्या हाताने झाकून ठेवायचा, आणि जलद चेंडूलाही तसेच झाकायचे, नाहीतर झाकणे हीच खूण होते. चकवा टाकताना जीभ बाहेर काढणारे, मान तिरकी करणारे गोलंदाज मी पाहिले आहेत. समोरच्या टोकाला उभा राहिलेला फलंदाज ते दोन षटकांत हेरतो.

तपासणीला आता प्रशिक्षकाचीही गरज नाही. पंचाच्या मागे मित्राला मोबाइल घेऊन उभे करावे, स्लो मोशनमध्ये एक जलद चेंडू आणि एक चकवा टिपावा. पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत किती फ्रेमा जातात त्या दोन्हींत मोजाव्यात. चकव्यात दोन-चार फ्रेमा जास्त भरल्या, तर हात आखडला आहे. पकड तशीच ठेवून पुन्हा टाकावा.